टिल्ट टेबलवर भावाला अंधारी येते: उपचार थांबवावेत का?

सागरवेळ:
माझा धाकटा भाऊ एप्रिलमध्ये आंबे उतरवताना झाडावरून पडला आणि मानेच्या सहाव्या मणक्यापाशी मज्जारज्जूला इजा झाली. गेल्या आठवड्यापासून त्याला छाती, कंबर आणि गुडघ्यांशी पट्टे बांधून टिल्ट टेबलवर (आडव्या माणसाला हळूहळू उभे करणाऱ्या, कलणाऱ्या टेबलवर) उभे करतात. पण ४० अंशांच्या पुढे गेले की त्याचे ओठ पांढरे पडतात आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. एक नातेवाईक म्हणतात की ही हृदयाची चाचणी असून भाऊ तीत नापास होत आहे. उपचार थांबवावेत का? की घरीच टेबल घ्यावे?

फिजिओताई:
कृपया थांबवू नका. टेबल तेच असले, तरी हेतू उलटे आहेत. वारंवार शुद्ध हरपणाऱ्या माणसाची चाचणी करताना त्याला ६० ते ७० अंशांवर ठेवून त्रास होण्याचीच वाट पाहतात, कारण निदान त्यातूनच होते: तीन मिनिटांत वरचा रक्तदाब किमान २० ने उतरला तर उभे राहताच रक्तदाब पडण्याचा विकार, रक्तदाब टिकून प्रौढाची नाडी दहा मिनिटांत किमान ३० ने वाढली तर उभे राहताच नाडी अवाजवी वाढण्याचा विकार. आपल्या भावाच्या बाबतीत मात्र त्रास होण्याआधी थांबायचे असते. इजेखालच्या रक्तवाहिन्या वेळेवर आवळल्या जात नाहीत आणि रक्त पायांत साठते, म्हणून अंधारी येते. पोटाचा पट्टा आणि लांब घट्ट मोजे तो आडवा असतानाच चढवून घ्या आणि प्रत्येक टप्प्यावर रक्तदाब मोजूनच पुढचा चढ देण्याची विनंती करा.

एक गोष्ट मात्र घरातल्या सर्वांनी पाठ करावी. अंधारी आली तर टेबल लगेच आडवे करतात. परंतु डोके ठणकू लागले, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर रक्तदाब एकदम चढला असण्याची शक्यता असते, आणि तेव्हा आडवे करणे घातक ठरते. डोके वरच ठेवावे, लघवीची नळी मुडपली आहे का ते पाहावे (लघवी तुंबल्यानेही रक्तदाब असा चढतो) आणि डॉक्टरांना तातडीने बोलवावे. हा फरक घरच्यांना ओळखता येईपर्यंत टेबल घेण्याची घाई नको, असे माझे स्पष्ट मत आहे.

सागरवेळ:
ताई, मनापासून आभार. परवा त्याचे डोके दुखत होते आणि नळी मांडीच्या पट्ट्याखाली दबलेली होती, हे आता आठवते. उद्या सर्वांत आधी हे त्याच्या डॉक्टरांना सांगतो.