मदत हवी आहे: आईची स्पायरोनोलॅक्टोनची गोळी
नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे. लिव्हर सिरॉसिसमुळे आईच्या पोटात पाणी झालंय, म्हणून रोज नाश्त्यानंतर स्पायरोनोलॅक्टोन चालू आहे. वाचलं की मूळ औषध रक्तात दीड तासातच निम्मं होतं. पण लिव्हर त्याचं कॅनरेनोन आणि गंधक असलेल्या दुसऱ्या घटकांत रूपांतर करतं. ते निम्मे व्हायला साधारण 14 ते 17 तास लागतात, आणि बरंचसं काम तेच करतात. मग लिव्हरच थकलेलं असेल तर ते अंगात साचतात का? ही गोळी पोटॅशियम धरून ठेवते. इथल्या उन्हात आई नारळपाणी मागते, मी देत नाही, जीव तुटतो. पोटॅशियमची तपासणी किती दिवसांनी करतात? सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय, त्याआधी जाणकारांनी समजावून सांगा ना.