गोल्फ क्लबबाबत मदत हवी आहे: पूर्ण ब्लेड सेट की काँबो (लांब आयर्न कॅव्हिटी-बॅक, बाकी ब्लेड)?

हँडिकॅप ४ आहे (म्हणजे खेळ बऱ्यापैकी पक्का). सध्याचे आयर्न कॅव्हिटी-बॅक (मागून पोकळ, चुका सांभाळून घेणारे), ७ आयर्नचा लॉफ्ट (फेसचा तिरकेपणा) ३० अंश. लांबीची तक्रार नाही, पण बॉल ग्रीनवर थांबत नाही, आणि मुद्दाम कमी उंचीचा शॉट मारायला जावं तर तो उंचच उठतो. म्हणून फोर्ज्ड (घडीव) ब्लेड, म्हणजे मागून भरीव, पातळ आयर्न, घ्यायचे आहेत. तिथे ७ आयर्न ३४-३५ अंशांचा असतो, म्हणजे अंतर घटणार, ते मान्य आहे.

डेमो क्लब लाँच मॉनिटरवर (शॉट मोजणाऱ्या यंत्रावर) मारून पाहिले. ७ पासून वेजपर्यंत (सर्वात आखूड क्लबपर्यंत) झकास. गाडी अडते ती ४ आणि ५ वर. फेसवर पावडर मारून पाहिलं तर ठसे मध्यापासून किंचित टोकाकडे. कॅव्हिटी-बॅकमध्ये हे खपून जातं, ब्लेडवर कॅरी (बॉलचं हवेतलं अंतर) लगेच पडते.

शाफ्ट (दांडा) डायनॅमिक गोल्ड एस३०० आहे, तोच ठेवणार. लाय (शाफ्टचा जमिनीशी कोन) १ अंश अपराइट, म्हणजे जास्त उभा, लागतो. मऊ कार्बन स्टील वाकवता येतं, त्यामुळे ती चिंता नाही. हायब्रिड (लांब आयर्नऐवजीचा, वुडसारखा क्लब) नको, कृपया सुचवू नका. वापरलेला सेट चालेल, ग्रूव्ह (फेसवरच्या खाचा) मात्र धड हवेत.

काँबो वापरणाऱ्यांना विचारायचंय: कॅव्हिटी-बॅक ५ पर्यंत ठेवता की ६ पर्यंत? आणि सांध्यावरचं (कॅव्हिटी-बॅक संपून ब्लेड सुरू होतात तिथलं) अंतर जुळवायला लॉफ्ट कुठल्या बाजूचे वाकवता? ब्लेडचे कमी केले तर बाउन्सही (सोलचा, म्हणजे क्लबच्या तळाचा, जमिनीशी कोन) तेवढाच घटतो, मग मऊ जमिनीवर सोल रुततो का?