चोक बंद करताच गाडी बंद पडते : दोष स्लो जेटमध्ये की हवेच्या गळतीत?

माझी मोटारसायकल १०० सीसीची, जुनी, कार्ब्युरेटरची (हवा व पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाची) आहे. जुळे सोलापुरातील घरापासून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील यंत्रमाग कारखान्यापर्यंत ती रोज धावते. गेले तीन आठवडे चोक (थंड इंजिनसाठी मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी कळ) ओढून ती दुसऱ्या किकला चालू होते, पण इंजिन तापल्यावर चोक बंद केला की आचके देत बंद पडते. चोक अर्धा ठेवल्यास मात्र शांत चालते. रस्त्यावर ओढ उत्तम आहे. फजिती होते ती सात रस्त्याच्या सिग्नलला, मागचे हॉर्न वाजवू लागल्यावर.

हा त्रास सुरू झाला तो एअर फिल्टर साफ केल्यानंतर. फिल्टरवर कारखान्यातील कापसाच्या तंतूंचा, गादीतून काढल्यासारखा जाड थर होता. तो गेल्याने हवा मोकळी झाली आणि आधीपासूनच कमी पडत असलेले पेट्रोल उघडे पडले, असा माझा कयास आहे. कारण पूर्वी काळा निघणारा प्लग आता पांढरट दिसतो, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडते. प्लग नवीन आहे. पेट्रोलच्या कॉकमधून धार नीट येते.

स्लो जेट (रेस न देता गाडी चालू असताना पेट्रोल पुरवणारी बारीक छिद्राची नळी) काढून, क्लीनर मारून उजेडात धरला, तेव्हा छिद्र आरपार दिसले. तार घातली नाही, कारण त्याने छिद्र मोठे होते असे ऐकले आहे. मग मिश्रणाचा (हवा-पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा) स्क्रू पूर्वीच्या दीड फेऱ्यांवरून तीन फेऱ्यांपर्यंत उघडला, तरी फरक पडत नाही. शिवाय गाडी तापल्यावर रेस सोडली, तर इंजिनचा आवाज खाली यायला दोन-तीन सेकंद लागतात, आणि यावरून कार्ब्युरेटर व इंजिन यांच्यामधल्या जोडातून हवा शिरत असावी अशी शंका येते. टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हची फट) मात्र अजून तपासलेले नाहीत.

ओळखीचे मिस्त्री थेट नवीन कार्ब्युरेटर बसवा म्हणतात. तो खर्च करण्यापूर्वी जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जेट स्वच्छ असूनही कार्ब्युरेटरच्या अंगातील बारीक वाट तुंबलेली असू शकते का, आणि ती घरी कशी मोकळी करावी? तसेच गरम इंजिनवर पेट्रोल किंवा क्लीनर फवारून गळती शोधण्याची पद्धत मला आगीच्या भीतीने नको आहे. तर जोडाचे ओ-रिंग (हवाबंद ठेवणारे रबरी कडे) सरळ बदलून पाहावे, की त्याआधी थंड इंजिनवर टॅपेट तपासावेत?