मदत हवी आहे: खानापूर भागातल्या सिद्दी मुलांच्या जातीच्या दाखल्याबद्दल

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळच्या बाजूला जंगलातल्या एका सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाचा समाज) वस्तीवर दोन कॅथलिक सिस्टर जातात. रविवारी मी त्यांच्याबरोबर मुलांना शिकवायला जाते. घरं मोजकीच. काही घरांत क्रूस, काहींत देव्हारा, पण बोलणं सगळ्यांचं कोंकणीच. सिस्टर औषधं देतात, बाळंतिणीची विचारपूस करतात, शाळा सोडलेल्या मुलीला परत शाळेत नेऊन बसवतात. धर्म कुणाचा कुठला, हे मी त्यांना कधी विचारताना ऐकलेलं नाही.

आता अडचण अशी. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना 2003 पासून अनुसूचित जमातीत धरतात. बेळगावी आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींचा समावेश 2020 च्या दुरुस्तीनं झाला. वस्तीतली एक मुलगी लग्न होऊन आमच्या तालुक्यात आली. तिच्या मुलाच्या दाखल्यासाठी आम्ही तीन खेपा घातल्या. दर वेळी वडिलांचा शाळेचा दाखला मागतात, आणि वडील शाळेत गेलेलेच नाहीत! सिस्टरांपैकी थोरल्या आता सत्तरीच्या पुढच्या, त्यांना बसनं हेलपाटे घालायला लावणं मला बघवत नाही.

बेळगावी जिल्ह्यात कुणी असा दाखला काढलाय का? शाळेच्या दाखल्याऐवजी काय चाललं? चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीचा उतारा जोडला तर उपयोग होतो का? अर्ज कन्नडमध्ये लिहून देणारं कुणी असेल तर कृपया सांगा. हॉस्टेलचा प्रवेश जवळ आलाय.