आधार जोडलं की वर्णद्वेष बंद?

खवट_म्हातारा: काल इथे कुणीतरी ठणकावून लिहिलंय, सोशल मीडियावरचे फेक आयडी बंद करा, खात्याला आधार जोडा, वर्णद्वेष आपोआप थांबेल. अहो कसला थांबतोय! 11 जुलै 2021, वेम्बली, फुटबॉलच्या युरो कपची फायनल, इंग्लंडच्या रॅशफर्ड, सांचो, साका या तिघा कृष्णवर्णीय खेळाडूंच्या पेनल्टी हुकल्या आणि त्यांच्या खात्यांवर माकडांच्या इमोजींचा पूर आला. नंतर ट्विटरनेच सांगितलं की कायमची बंद केलेली जी खाती होती त्यातल्या 99 टक्के लोकांची ओळख पटत होती.

ठाणे_स्लो: 'कुणीतरी' म्हणजे मीच, सरळ बोला की. ओळख पटत होती, पण कुणाला? कंपनीला. त्यांच्या शेजाऱ्याला कळलं असतं तर हिंमत झाली असती का?

खवट_म्हातारा: जानेवारी 2021 ला सिडनीत सिराजला बाउंड्रीवर शिव्या घातल्या, सहा जणांना स्टँडमधून बाहेर काढलं. शिव्या घालणारे काय फेक आयडीने तिकीट काढून बसलेले?

लेस्टरची_मावशी: इथे इंग्लंडात बसमध्ये तोंडावर 'पाकी' ही शिवी ऐकलीय मी. पण खरा राग कशाचा सांगू, आपल्याच गणपतीच्या ग्रुपवर, खरं नाव, फोटो, सगळं असताना, 'त्या एरियात घर घेऊ नका, काळे फार झालेत' आणि खाली चार अंगठे.

नुसता_विलास: आधार जोडा म्हणणाऱ्यांना आडनावाचा त्रास नसतो. फ्लॅट बघायला फोन केला की आधी 'पूर्ण नाव?' आणि मग 'अहो, मालकांचा भाचा येतोय राहायला'. इथे आडनाव नाही म्हणून निदान मुद्दा तरी वाचतात.

ठाणे_स्लो: विषय काय, जात कुठे आणताय? आता आरक्षण येईल.

नुसता_विलास: ते तुम्हीच आणलंत.

बोंबील_प्रेमी: आम्हाला मुंबईत मासे खाता म्हणून फ्लॅट देत नाहीत, त्यावर बोला कुणीतरी!

खवट_म्हातारा: झालं, पोचलो बाजारात. दक्षिण कोरियाने 2007 ला खऱ्या नावाची सक्ती करून पाहिली, 2012 ला तिथल्याच कोर्टाने रद्द केली.

ठाणे_स्लो: बरं बाबा, तुम्ही विद्वान. माझ्या मुलीच्या फोटोखाली तिच्या रंगावरून घाण लिहून गेला एकजण, तक्रार केली तर खातंच डिलीट. त्याला मी काय कोरियात शोधू?

नुसता_विलास: वाईट झालं, खरंच. कोर्टाचा आदेश आणून त्याचा नंबर काढा ना, कोण नाही म्हणतंय. त्यासाठी अख्ख्या गावाचं आधार कशाला?

ठाणे_स्लो: आदेश म्हणे. ओळखीत वकील असेल तर सांगा, पूर्ण नावाचा.