उलटी फेज की उलटी पोलॅरिटी?

प्रश्न : स्टिरिओच्या माहितीपत्रकात ‘आउट ऑफ फेज’ असं छापलंय. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत फेजला ‘कला’ म्हणतात, मग इथे ‘विरुद्ध कला’ चालेल का? आणि घरी असं झालंय हे ओळखायचं कसं?

उत्तर : ‘कला’, ‘कलांतर’ हे शब्द चांगले आहेत, पण इथे बसत नाहीत. एका स्पीकरच्या तारा अधिक-उणे उलट्या लागल्या की उलटते ती ध्रुवता, म्हणजे पोलॅरिटी. एकाचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, आणि हे खर्जापासून तारसप्तकापर्यंत सारखंच. कलांतर, म्हणजे एक लहर दुसरीच्या किती मागेपुढे आहे ते, वारंवारतेनुसार बदलतं. ५ मिलिसेकंदांचा उशीर १०० हर्ट्झला अर्धं आवर्तन, म्हणजे नेमका उलटा. तोच २०० हर्ट्झला पूर्ण आवर्तन भरतो आणि लहरी पुन्हा जुळतात. म्हणून मी तरी ‘उलटी ध्रुवता’ किंवा सरळ ‘उलटी पोलॅरिटी’च लिहीन.

ओळखायला कान पुरतात. खर्ज पातळ होतो, आणि गायकाचा आवाज मधोमध न राहता इकडेतिकडे पसरतो, कुठून येतोय ते बोट दाखवून सांगता येत नाही. ५० हर्ट्झची लहर जवळपास ७ मीटर लांब असते. त्यापुढे दोन स्पीकरांच्या अंतरातला फरक किरकोळ, त्यामुळे एकाचा दाब दुसऱ्याची ओढ खाऊन टाकते.

खात्री करायची तर स्पीकर वीतभर अंतरावर समोरासमोर ठेवून मोनोत, म्हणजे दोन्हींतून एकच आवाज येईल असं, काहीतरी खर्जाचं लावा. मग अ‍ॅम्प्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या तारा, त्याही एकाच टोकाला, अदलाबदल करा. ज्या जोडणीत खर्ज भरतो ती बरोबर. दोन्ही स्पीकरांच्या बदलल्यात तर घोळ तसाच राहतो.

प्रश्न : मग सबवूफरच्या, म्हणजे फक्त खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरच्या, मागे ‘फेज’ लिहिलेलं असतं ते?

उत्तर : ० आणि १८० एवढंच असलेलं बटण बहुधा ध्रुवताच उलटवतं. सावकाश फिरणारा नॉब असेल तर तिथे ‘कला’ अगदी योग्य, कारण तो खरोखर कलांतर बदलतो. क्रॉसओव्हर (खालचे आणि वरचे स्वर वेगवेगळ्या स्पीकरांकडे वाटणारं सर्किट) ८० हर्ट्झला लावला असेल तर त्याच्या आसपासचा स्वर वाजत ठेवा, एकाने नेहमीच्या जागी बसावं, दुसऱ्याने नॉब फिरवावा. जिथे आवाज सर्वांत भरीव, तिथे थांबा.

आणखी एक : स्पीकरची पेटी उघडलीत आणि ट्वीटरच्या, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरच्या, तारा उलट्या दिसल्या, तर त्या सरळ करायला जाऊ नका. दर सप्तकामागे आवाज १२ डेसिबलने उतरवणाऱ्या क्रॉसओव्हरमध्ये त्या बऱ्याचदा मुद्दाम तशा जोडलेल्या असतात.