मदत हवी आहे: उभ्या गाडीची बॅटरी झटका मशीनच्या पॅनलवर चार्ज ठेवता येते का?

नमस्कार मंडळी,

आम्ही दारव्हा तालुक्यातले. लहान भाऊ फौजेत आहे. त्याची डिझेल जीप घरी टिनाखाली उभी राहते आणि तो सुट्टीवर आला की तेवढी फिरते. दर वेळी बॅटरी बसलेली. मग ट्रॅक्टर बाजूला लावा, केबल जोडा, धक्का मारायला पोरं बोलवा. मागची बॅटरी वॉरंटीतच गेली, तर दुकानदार म्हणतो उभ्या गाडीची जबाबदारी आमची नाही. नवी टाकली आहे आणि आत्ताच मीटरवर १२.२ व्होल्ट दाखवते.

मिस्त्री म्हणतो, हप्त्यातून एकदा पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवत जा. तसं करतोच आहे, फरक दिसत नाही. चार्जर कायम लावून ठेवावा तर गावात लाईनचा भरवसा नाही. उन्हाळ्यात वारा सुटला की गेलीच.

म्हणून डोक्यात आलं: वावरात रोही-डुकरांसाठी झटका मशीन (कुंपणाच्या तारेत करंटचा झटका सोडणारं) आहे, त्याला ४० वॅटचं सोलर पॅनल. हरभरा निघाला की पेरणीपर्यंत सगळा संच घरीच पडून असतो. ते पॅनल टिनावर चढवून जीपच्या बॅटरीला जोडलं तर? थेट जोडायचं की मध्ये काही लागतं? की बॅटरी काढूनच ठेवू? शेजारचे काका म्हणतात, काढली तर सिमेंटवर ठेवू नको, खाली पाट घाल.

प्रतिसाद, काटोलहून:
भाऊ, कायले एवढा खटाटोप? मायनसची केबल काढून ठेवजो, झालं. संत्र्याचा सीझन संपला का आमची पिकअप अशीच उभी राह्यते. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी, नाही तं पाना बॉडीले लागून ठिणगी उडते. घड्याळ अन् टेपचं सेटिंग जाते, जाऊ द्या.

प्रतिसाद, मूर्तिजापूरहून:
वरच्या भाऊंचं बरोबर आहे. घड्याळ, रिमोट लॉक हे गाडी बंद असतानाही थोडं थोडं पीत असतात, ते मायनस काढल्यावर थांबतं. पण बॅटरी आपल्या आपणही उतरते, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५, टिनाखाली काय असेल तुम्हीच सांगा. १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास शांत राहिल्यावर १२.६ च्या वर दाखवते. १२.४ च्या खाली फार दिवस राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट बसतात, मग चार्ज धरतच नाही. तुमची जुनी बहुतेक अशीच गेली.

ते पाच मिनिटांचं स्टार्टिंग आधी बंद करा. स्टार्टर क्षणात जे ओढतो ते आयडलवर पुरतं परत येत नाही. वरून इंजिन तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. अर्धा तास पळवा, नाही तर हातच लावू नका.

पॅनल चालेल, पण थेट अजिबात नको. १२ व्होल्टचं म्हणून विकतात त्या पॅनलचं मोकळं व्होल्टेज (काही जोडलेलं नसताना) २० च्या वर असतं. भरलेल्या बॅटरीचं पाणी उकळून जाईल. मध्ये चार्ज कंट्रोलर, म्हणजे बॅटरी भरत आली की पॅनलचा करंट आवरणारा डबा, हवाच. पॅनलच्या वायरी सरळ झटका मशीनमध्ये जात असतील तर कंट्रोलर आतच आहे, मग वेगळा घ्या. आधी बॅटरी जोडायची, नंतर पॅनल, काढताना उलट. झटक्याची बॅटरी सोबत समांतर ठेवू नका. सेटिंग पाण्याच्या बॅटरीचं, फ्लोट (भरल्यावर बॅटरी टिकवून धरायचं व्होल्टेज) १३.६ च्या आसपास, आणि कंट्रोलरमध्ये बदलता येत असेल तर भर उन्हाळ्यात १३.३ वर आणा. महिन्यातून एकदा झाकणं उघडून पाणी बघा.

आणि बॅटरीच्या प्लसजवळच ५ अँपियरचा फ्यूज टाका. उभ्या गाडीत उंदीर शिरतातच. वायर कुरतडली आणि बॉडीला टेकली तर फ्यूज उडेल, गाडी वाचेल.

पाटाची गोष्ट जुन्या रबरी डब्यांची. प्लॅस्टिकला सिमेंटनं काही होत नाही, पण काकांचं मन राखायचं असेल तर घाला.

धागाकर्ता:
लय उपकार झाले. एकच राहिलं. जूनमध्ये पॅनल वावरात परत जाईल. तेव्हा फवारणी पंपाचा चार्जर चालेल का?

प्रतिसाद, मूर्तिजापूरहून:
पंपात कोणती बॅटरी आहे ते आधी बघा. लिथियमची असेल तर तिचा चार्जर १२.६ लाच थांबतो, जीपची बॅटरी त्यावर भरत नाही. लेड-ॲसिडचा असेल तर चालतो, फक्त हळू: जीपच्या बॅटरीला दोन-तीन दिवस लागतील. बरेच चार्जर आपोआप कट होत नाहीत, म्हणून मीटर लावून बघत राहा आणि १४.४ दिसलं की काढा. पावसाळ्यात मायनस सोडून ठेवा, महिन्याला मीटर लावा, १२.४ च्या खाली गेली तरच चार्जिंगला घ्या.